मेंदूला सर्व्हे नंबर देणारा डॉक्टर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. साठीच्या एका गृहस्थांना रात्री आमच्याकडे आणलं. जेवायला बसले असताना हातातला घास गळून पडला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. मुलगा शहाणा. घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याने वडिलांना गाडीत घातलं आणि तासाभरात थेट सरकारी रुग्णालय गाठलं. सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव दिसत नव्हता. म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली होती. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येतं, मात्र त्याआधी काही प्रश्न विचारावेच लागतात. त्यातला एक असा, की पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का? कारण तसं असेल तर तेच इंजेक्शन जीवावर बेतू शकतं.

मुलाने सांगितलं, तीन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला होता. आता आमच्या भागात झटका म्हणजे फीट असू शकते, लकवा असू शकतो आणि हार्ट अटॅकही असू शकतो. सोबत आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं होतं. म्हणजे पक्षाघात. पण तो गुठळीने की रक्तस्रावाने? तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त तीन अक्षरं होती : सीव्हीए. या तीन अक्षरांत गुठळीही बसते आणि रक्तस्रावही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. शेवटी घरच्या पत्र्याच्या पेटीतला जुना स्कॅनचा रिपोर्ट सुनेने शोधून काढला आणि मोबाइलवर फोटो पाठवला. तीन वर्षांपूर्वी रक्तस्रावच झाला होता. इंजेक्शन आम्ही दिलं नाही. इतर उपचार केले, हळूहळू फिजिओथेरपीने गृहस्थ काठी घेऊन चालू लागले.

त्या रात्री अडचण औषधाची नव्हती, यंत्राचीही नव्हती. अडचण नावाची होती. एका गोष्टीला चार नावं आणि एका नावात तीन गोष्टी. अशा गोंधळाचं खापर आपण खेडेगावातल्या बोलीवर फोडून मोकळे होतो. पण खरं सांगायचं तर मेंदूचं आख्खं शास्त्र या दुखण्याने गेली दीडशे वर्षं बेजार आहे. या दुखण्यावर ज्याने पहिला मोठा उतारा शोधला, त्या जर्मन डॉक्टरची आज ओळख करून घेऊ. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचं आडनाव पाठ असतं. माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्याचं नाव कॉर्बिनियन ब्रॉडमन.

दक्षिण जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराच्या परिसरात लिगर्सडॉर्फ नावाचं खेडं आहे. तिथे एका शेतकऱ्याच्या घरी १७ नोव्हेंबर १८६८ रोजी ब्रॉडमन जन्मले. गावच्या शाळेतून सुरुवात करून आसपासच्या लहान शहरांत त्यांचं शालेय शिक्षण झालं. पुढे म्युनिक, वुर्झबर्ग, बर्लिन आणि फ्रायबर्ग अशा चार ठिकाणी वैद्यक शिकून १८९५ मध्ये त्यांना डॉक्टरकीचा परवाना मिळाला. बेत साधा होता : ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात दवाखाना थाटायचा आणि प्रॅक्टिस करायची.

योगायोग असा, की त्याच १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात शरीररचनाशास्त्रज्ञांनी एक मोठी साफसफाई केली. शरीराच्या अवयवांना देशोदेशी आणि ग्रंथोग्रंथी वेगवेगळी नावं पडली होती. एकाच भागाला कुणी शोधकाच्या नावाने ओळखे, कुणी आकारावरून, कुणी जागेवरून. त्या हजारो नावांची छाटणी करून लॅटिन नावांची एक मान्य यादी ठरवण्यात आली. हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या यांचा प्रश्न त्याने पुष्कळसा सुटला. मेंदूच्या पृष्ठभागाचा मात्र सुटला नाही. तिथे नाव द्यायला डोळ्यांना दिसणारी सीमाच नव्हती.

ब्रॉडमन यांच्या दवाखान्याचा बेत एका आजाराने मोडला. त्यांना घटसर्प झाला. आज लसीकरणामुळे आपण हा आजार जवळजवळ विसरलो आहोत, पण त्या काळी तो तरण्याताठ्या माणसालाही महिनोन्महिने अंथरुणाला खिळवत असे. बरे झाल्यावर प्रकृती सुधारावी म्हणून १८९६ मध्ये ते बव्हेरियाच्या उत्तरेकडील अलेक्झांडर्सबाड या ठिकाणी मज्जाविकारांच्या एका दवाखान्यात कामाला राहिले. तिथले प्रमुख होते ऑस्कर फोग्ट. वयाने ब्रॉडमन यांच्यापेक्षा लहान, पण मेंदूच्या वेडाने झपाटलेले. या ओळखीने ब्रॉडमन यांची दिशा बदलली. खेड्यातली प्रॅक्टिस राहिली ती राहिलीच.

१८९८ मध्ये लाइपझिगहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग येना येथील मनोविकार रुग्णालयात काम केलं आणि १९०० ते १९०१ या काळात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात. फ्रँकफर्टला त्यांचे वरिष्ठ सहकारी होते अलोइस आल्झायमर. होय, तेच ते स्मृतिभ्रंशवाले आल्झायमर. रुग्णाला आयुष्यभर नीट तपासायचं, तो गेल्यावर त्याचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तितक्याच नीट पाहायचा आणि दोन्हींचा मेळ घालायचा, ही आल्झायमर यांची रीत. ती ब्रॉडमन यांच्या अंगी मुरली. १९०१ मध्ये ते फ्रँकफर्ट सोडून बर्लिनला गेले. ज्या रुग्ण स्त्रीमुळे आल्झायमर यांचं नाव जगभर झालं, ती त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या त्या रुग्णालयात दाखल झाली.

बर्लिनमध्ये ऑस्कर फोग्ट आणि त्यांच्या पत्नी सेसिल फोग्ट यांनी मेंदूच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली होती. तिथे कामाची वाटणी झाली. फोग्ट दाम्पत्याने मज्जातंतूंवरच्या आवरणाच्या रचनेकडे पाहायचं आणि ब्रॉडमन यांनी पेशींच्या मांडणीकडे. पुढची नऊ वर्षं ब्रॉडमन हेच करत राहिले.

हे काम काय होतं ते समजून घेऊ. मेंदूचं बाहेरचं आवरण, म्हणजे करडा थर, जाडीने जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. आपलं बोलणं, पाहणं, हालचाल, आठवण, विचार या सगळ्यांत त्याचा वाटा. त्याला इतक्या घड्या असतात, की त्याचा बराचसा भाग भेगांमध्येच दडलेला असतो. हा थर वरून पाहिला तर सगळीकडे सारखाच दिसतो. पण त्याची अतिशय पातळ कापं काढली आणि फ्रान्झ निस्सल या डॉक्टरांनी शोधलेल्या पद्धतीने रंगवली, की पेशी तेवढ्या उठून दिसतात. मग कळतं, की हा एक थर नसून त्यात सहा थर आहेत.

विहीर खणताना पाहिली असेल तर हे लगेच कळेल. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग पाषाण. क्रम साधारण तोच, पण या शेतात काळी चार फूट तर पलीकडच्या शेतात दीड फूट. कुठे मुरूम जवळजवळ नाहीच. मेंदूचंही तसंच आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांकडून आलेले संदेश पोहोचतात, तिथे चौथा थर चांगला जाड असतो. हालचालींचा हुकूम जिथून सुटतो तिथे प्रौढ माणसात तो थर दिसेनासा होतो आणि पाचव्या थरात राक्षसी आकाराच्या पेशी दिसतात. ब्रॉडमन यांनी काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून इंच इंच पुढे सरकत पाहिलं. जिथे थरांची ठेवण बदलली तिथे सीमा आखली आणि दोन सीमांमधल्या जागेला एक क्रमांक दिला.

हे क्रमांक कसे दिले, यातही त्यांचा स्वभाव दिसतो. नावात आधीच समजूत शिरते. एखाद्या भागाला वाणीचं केंद्र म्हटलं, की पुढचे सगळे तिथे वाणीच शोधत बसतात. क्रमांकाला असा पूर्वग्रह नसतो. कापाकापांतून पुढे जाताना जो भाग ज्या क्रमाने समोर आला, त्या क्रमाने त्याला आकडा मिळाला, जसा जमिनीच्या मोजणीत सर्व्हे नंबर मिळतो तसा. म्हणूनच स्पर्शाची जाणीव टिपणाऱ्या पट्ट्याला १, २, ३ हे आकडे आले, हालचालीच्या भागाला ४ आणि दृष्टीच्या मुख्य भागाला १७. त्यात महत्त्वाची उतरंड नाही की मानापमान नाही.

१९०३ ते १९०८ या काळात त्यांनी आपलं काम लेखमालेतून प्रसिद्ध केलं आणि १९०९ मध्ये त्याचा ग्रंथ झाला. माणसाच्या मेंदूच्या नकाशात क्रमांक ५२ पर्यंत जातात, पण मध्ये काही आकडे गाळलेले आहेत. १३ ते १६ किंवा ४८ ते ५१ माणसाच्या नकाशात शोधले तर सापडत नाहीत. पुस्तकातली चूक समजून मीही एमबीबीएसला असताना ते शोधत बसलो होतो. ती चूक नव्हे. ब्रॉडमन यांनी एकट्या माणसाचा मेंदू पाहिला नव्हता. माकडं, लेमूर, वटवाघूळ, ससा, साळिंदरासारखा दिसणारा छोटा हेजहॉग अशा कितीतरी सस्तन प्राण्यांचे मेंदू त्यांनी त्याच रीतीने पाहिले. थरांची ठेवण सारखी दिसली, तर प्राणी वेगळा असला तरी क्रमांक तोच. काही भाग दुसऱ्या प्राण्यात होते आणि माणसात त्यांना वेगळे दाखवता आले नाहीत, म्हणून ते आकडे माणसाच्या नकाशात रिकामे राहिले.

मला ब्रॉडमन यांचं मोठेपण या ठिकाणी दिसतं. त्यांनी मेंदूच्या तुकड्यांना नुसती लेबलं चिकटवली नाहीत. प्रत्येक क्रमांकामागे एक व्याख्या ठेवली : थर असे असतील, तरच हा भाग तो. शिवाय भागांमधलं नातंही सांगितलं. कुठला भाग कुणाच्या शेजारी, कुठल्या मोठ्या विभागात कुठले छोटे भाग येतात, माकडातला कुठला भाग माणसातल्या कुठल्या भागाच्या जागी आहे. एक विचार, एक भावना मेंदूच्या एकाच कोपऱ्यात कोंबून बसवता येते, असं मानणाऱ्यांशी मात्र त्यांचं पटलं नाही.

एवढं काम केलेल्या माणसाचं कौतुक झालं असेल असं वाटतं ना? प्रत्यक्षात विद्यापीठात शिकवण्याच्या अधिकारासाठी त्यांनी सादर केलेला प्रबंध बर्लिनच्या वैद्यकीय विद्याशाखेने नाकारला. तो लेमूरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूवर होता. चाळिशी उलटलेल्या, स्थिर नोकरी नसलेल्या संशोधकाला हा घाव केवढा असेल, याची कल्पना आपल्याकडे वर्षानुवर्षे हंगामी पदावर काम करणाऱ्या कुणालाही येईल. १९१० मध्ये ते बर्लिन सोडून ट्युबिंगेनला गेले. तिथे मनोविकार रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट गाउप यांनी त्यांना जवळ केलं, शिकवण्याचा अधिकार मिळाला आणि १९१३ मध्ये प्राध्यापक ही पदवीही. पण नकाशाचं जुनं काम पूर्वीच्या वेगाने पुढे नेणं जमलं नाही. मग पहिलं महायुद्ध आलं आणि युद्धकाळात त्यांना लष्करी रुग्णालयात सेवा करावी लागली.

१९१६ मध्ये हाले शहराजवळच्या नीटलेबेन मनोरुग्णालयात त्यांना काम मिळालं. जरा स्थैर्य आलं. १९१७ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्याच वर्षी, १९१८ मध्ये, म्युनिकहून बोलावणं आलं. मनोविकारशास्त्रातले त्या काळचे सर्वांत वजनदार नाव एमिल क्रेपेलिन यांनी नवी संशोधन संस्था काढली होती. तिथे मेंदूच्या रचनेच्या विभागाची सूत्रं ब्रॉडमन यांच्याकडे द्यायची होती. ज्यांच्या रंगाने त्यांनी आयुष्यभर काप रंगवले, ते निस्सल त्याच संस्थेत सहकारी. हवी ती जागा, हवे ते सोबती आणि घरी तान्हं मूल. आता कुठे सगळं जुळून आलं होतं.

काही महिन्यांतच त्यांना जंतुसंसर्ग झाला. तो रक्तात पसरला आणि २२ ऑगस्ट १९१८ रोजी ब्रॉडमन गेले. वय ४९. पेनिसिलीनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती. सेप्सिसचा रुग्ण अँटिबायोटिक्स, सलाइन आणि चोवीस तास जागणाऱ्या सिस्टरांच्या जोरावर घरी जातो तेव्हा मला पुष्कळदा या माणसाची आठवण येते.

माणूस गेला, नकाशा राहिला. आणि खरी गंमत, किंवा खरं दुखणं म्हणा, इथून सुरू झालं.

ब्रॉडमन यांचा नकाशा एकमेव नव्हता. त्यांच्याआधी १९०५ मध्ये आल्फ्रेड कॅम्पबेल यांनी इंग्लंडमधल्या मनोरुग्णालयात काम करत मेंदूचे कमी आणि मोठे विभाग पाडले होते. फोग्ट दाम्पत्याच्या हिशेबाने ते दोनशेच्या घरात गेले. १९२५ मध्ये व्हिएन्नात फोन इकोनोमो आणि कोस्किनास यांनी आकडे सोडून अक्षरांची पद्धत काढली. २०१६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी एमआरआयच्या आधारे प्रत्येक बाजूला १८० भाग मोजले. एकच गाव, पण प्रत्येक तलाठ्याचा नकाशा वेगळा आणि गट क्रमांकही वेगळे.

त्यातही ब्रॉडमन यांचे आकडे सर्वांत लोकप्रिय झाले आणि लोकप्रियतेबरोबर जे व्हायचं तेच झालं. आकडा राहिला, व्याख्या गळाली. ब्रॉडमन यांचा मूळ जर्मन ग्रंथ पूर्ण इंग्रजीत आला तो १९९४ मध्ये, म्हणजे तब्बल ८५ वर्षांनी. तोवर बहुतेकांनी त्यातलं चित्र तेवढं पाहिलं होतं. १९८८ मध्ये निघालेल्या एका गाजलेल्या मेंदू-नकाशात एका स्त्रीच्या मेंदूवर ब्रॉडमन यांचे क्रमांक चित्राशी ताडून अंदाजाने बसवले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली थर पाहून नव्हे. पुढे हजारो एमआरआय संशोधनांनी त्यावरून आपले निष्कर्ष त्या त्या क्रमांकाच्या नावे नोंदले. माणसामाणसांत या भागांचा आकार आणि जागा थोडीफार बदलते, हेही त्यात सुटलं. आमच्या त्या रुग्णाच्या सीव्हीएसारखंच. अक्षरं होती, त्यामागचा अर्थ कागदावर उरला नव्हता.

याने बिघडतं काय? एक उदाहरण देतो. कपाळाच्या मागे, मेंदूच्या मध्यभागी, दोन अर्धांना जोडणाऱ्या पुलाच्या खालच्या अंगाला ब्रॉडमन यांचा २५ क्रमांकाचा भाग आहे. तीव्र नैराश्यात या भागाचं काम बिघडतं असं दिसल्यावर हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटोत कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूत तिथे बारीक विद्युत तार बसवली. २००५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की सहापैकी चौघांना सहा महिन्यांनंतरही चांगला गुण होता. पुढे मोठ्या चाचणीत तितकं यश दिसलं नाही आणि तार नेमकी कुठे बसवायची यावर आजही काम चालू आहे. आता समजा, एखाद्या तरुण संशोधकाला या भागाबद्दल जगात जे जे कळलं आहे ते गोळा करायचं आहे. त्याने संगणकात क्षेत्र २५ असं घातलं, तर त्या नावाने लिहिलेले लेख मिळतील. पण याच भागाला कुणी सबजेन्युअल सिंग्युलेट म्हणतं, कुणी सबकॅलोसल. ते लेख निसटले. उंदरांवर काम करणारे त्याच्या जोडीच्या भागाला इन्फ्रालिंबिक म्हणतात. औषधांचे पहिले प्रयोग उंदरांवरच होतात, ते सगळे निसटले. आणि जनुकांची माहिती एका ठिकाणी, पेशींची चित्रं दुसरीकडे, एमआरआयचे आकडे तिसरीकडे, रुग्णांवरच्या चाचण्या चौथीकडे. प्रत्येक कोठाराची भाषा निराळी.

उलटही घडतं. माकडाच्या मेंदूचा नकाशा १९४० मध्ये वॉकर यांनी नव्याने काढला. त्यात ज्या जागेला १२ म्हटलं, तिच्याशी मिळतीजुळती जागा माणसाच्या नकाशात ब्रॉडमन यांच्याकडे ४७ होती. दोन्ही वाचणारा बेसावध असेल, तर तो १२ ला १२ शी जोडणार आणि भलत्याच दोन गोष्टी एक समजणार. शेवटी काही शास्त्रज्ञांनी दोन्ही आकडे जोडून ४७/१२ असं लिहायला सुरुवात केली. सासर-माहेरची दोन्ही आडनावं लावावीत तसं.

यावर आजच्या काळाचा जो उतारा आहे त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट घरचीच आहे. एखाद्या मोठ्या कुटुंबात एकाच माणसाला कुणी दादा म्हणतं, कुणी भाऊजी, कुणी मामा, तर कार्यालयात त्याला साहेब म्हणतात. बाहेरून आलेल्याला वाटेल ही चार माणसं आहेत. आणि त्याच गावात अण्णा म्हणून हाक मारली तर दहाजण वळून पाहतील. घरातल्या आजीचा मात्र गोंधळ होत नाही. कारण तिच्या डोक्यात नुसती नावं नसतात, नाती असतात. हा कुणाचा कोण, कुठल्या घरातला, कुणाचा थोरला. ऑन्टॉलॉजी म्हणजे संगणकाला दिलेलं त्या आजीचं डोकं.

त्यात प्रत्येक गोष्टीला एक कायमचा ओळख क्रमांक असतो, एक व्याख्या असते आणि तिची सगळी नावं एकत्र नोंदलेली असतात. शिवाय नाती असतात : हा भाग त्या भागात मोडतो, ही पेशी त्या प्रकारची आहे, हा भाग त्या ठिकाणी आहे, उंदरातला अमुक माणसातल्या तमुकाच्या जोडीचा आहे पण तोच नव्हे. मग स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस शोधला, तर संगणक त्याच्या पोटातल्या छोट्या भागांवरचं कामही पुढे ठेवतो, जरी त्या लेखात हिप्पोकॅम्पस हा शब्द एकदाही आला नसला तरी. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पाठबळावर २००८ मध्ये अशी एक शोधव्यवस्था सुरू झाली. न्यूरोसायन्स इन्फर्मेशन फ्रेमवर्क तिचं नाव. वेगवेगळ्या संस्थांची माहितीची कोठारं आहेत तिथेच ठेवायची, कुणालाही आपली भाषा बदलायला लावायची नाही, पण मध्ये एक जाणता दुभाष्या बसवायचा, ही तिची कल्पना. अशाच प्रयत्नांतून निरनिराळ्या प्राण्यांच्या अवयवांचा मेळ घालणारे कोशही उभे राहिले.

ब्रॉडमन यांनी सूक्ष्मदर्शक, कागद आणि पेन्सिल घेऊन जे केलं, ते हेच होतं असं मला वाटतं. क्रमांक, व्याख्या आणि प्राण्याप्राण्यांतली नाती. फरक एवढाच, की त्यांच्या नकाशाला नवं कळलं तसं दुरुस्त करत राहणारं कुणी उरलं नाही. आजचे शास्त्रज्ञ ती चूक टाळायला पाहतात. जर्मनीतच युलिख येथे झिलेस, आमुन्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक भाग दहा वेगवेगळ्या मेंदूंत मोजून, माणसामाणसांतला फरक धरून, नवा नकाशा केला आहे. त्याची नवी आवृत्ती निघते तेव्हा जुनीही जपून ठेवतात. आपल्याकडे चेन्नईच्या आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये गर्भावस्थेतल्या मानवी मेंदूच्या ५,१३२ कापांची चित्रं जगाला खुली केली.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दुभाष्या कितीही हुशार असला तरी मूळ नोंदच मुकी असेल तर तो काय सांगणार? ज्या लेखात भाग कुठला हे नीट लिहिलेलंच नाही, तो कुठल्याच शोधात खात्रीने सापडत नाही. सापडला तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. संगणक नावांची जोड लावू शकतो. न लिहिलेला अर्थ तो भरून काढू शकत नाही, आणि भरू पाहील तर ते अधिक धोक्याचं.

हे जितकं शास्त्रज्ञांना लागू, तितकंच आम्हा डॉक्टरांना आणि तुम्हालाही. आमच्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना मी आता नुसतं सीव्हीए लिहू देत नाही. गुठळी की रक्तस्राव, डावी बाजू की उजवी, तारीख कोणती, स्कॅनमध्ये काय दिसलं, हे चार शब्दांत लिहायला जास्तीत जास्त एक मिनिट लागतं. ओपीडीत शंभर माणसं रांगेत असताना ते मिनिट काढणं सोपं नाही, हे मी जाणतो. तरी ते काढायलाच हवं.

तुमच्याकडूनही तीन गोष्टींची अपेक्षा आहे. रुग्णालयातून घरी निघताना आजाराचं पूर्ण नाव काय, हे डॉक्टरांना विचारा आणि ते कागदावर मराठीत लिहून मागा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा लेखी रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी यांचे फोटो घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. स्कॅनची मोठी फिल्म हरवली तरी चालेल, तो एका पानाचा रिपोर्ट हरवू देऊ नका. आणि दवाखान्यात पूर्वीचा आजार सांगताना झटका, वारं, अटॅक असा एकच शब्द सांगून थांबू नका. काय झालं होतं ते सांगा : हातपाय लुळे पडले होते, अंग आखडून तोंडाला फेस आला होता की छातीत दुखलं होतं? तुम्हाला वैद्यकीय शब्द यावेत अशी कुणाचीही अपेक्षा नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलंत, तर नाव आम्ही शोधू.

ते काठीवाले गृहस्थ दर महिन्याला तपासणीला येतात. उजवा हात अजून पुरता आलेला नाही, पण बोलणं बरंच सुधारलं आहे. सून सोबत असते आणि तिच्या हातात प्लॅस्टिकची एक फाइल असते. सगळे कागद तारीखवार लावलेले. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, दोन्ही वेळेला काय झालं, कुठल्या बाजूला आणि कधी. मी केसपेपर उघडण्याआधी ते पान वाचतो.